राजदंडातला दंड कुठला?

प्रश्न असा आहे : ‘विधानसभेत सदस्यांनी राजदंड पळवला’ अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते. राजा तर राहिला नाही, मग हा राजदंड कसला? त्यातला ‘दंड’ म्हणजे शिक्षा का? आणि चोपदाराच्या हातात असतो तोही राजदंडच का?

संस्कृतात दंड म्हणजे आधी काठी. मराठीत तो अर्थ दांडा, दांडी, दांडकं, दंडुका यांत जिवंत आहे, आणि काठीसारखं सरळ आडवं पडून घातलेल्या नमस्कारालाही आपण दंडवत म्हणतो. काठीने मारतात म्हणून मार म्हणजे दंड, मग कुठलीही शिक्षा म्हणजे दंड आणि शेवटी पावती घेऊन भरायचे पैसे म्हणजेही दंड. हा शेवटचा अर्थ रोजच्या बोलण्यातला, त्यामुळे राजदंड म्हटलं की शिक्षाच आधी डोळ्यांपुढे येते. ते चूकही नाही. ‘राजाने केलेली शिक्षा’ हा त्या शब्दाचा एक जुना अर्थ आहेच. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात ‘दण्डः सुप्तेषु जागर्ति’ असं म्हटलं आहे, म्हणजे सगळे झोपलेले असताना दंड जागा असतो. तिथे काठी कुठे संपते आणि शिक्षा कुठे सुरू होते, हे वेगळं काढता येत नाही.

पण मानाच्या काठीचं मूळ फक्त मारण्यात शोधलं तर अर्धीच गोष्ट हाती लागते. इंग्रजीतला ‘सेप्टर’, म्हणजे राजाच्या हातातली मानाची काठी, ग्रीक ‘स्केप्ट्रॉन’वरून आला आणि त्याचं नातं ‘टेकणे, रेलणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी आहे. म्हणजे ती आधी टेकायची काठी. होमरच्या इलियडमध्ये सभेत बोलणाऱ्याच्या हातात ती असते. पहिल्याच सर्गात चिडलेला ग्रीक वीर अकिलीस तिचीच शपथ घेतो : डोंगरातल्या बुंध्यापासून तुटली तेव्हापासून हिला पान फुटणार नाही की फांदी, धातूच्या पात्याने हिची सालही सोलून काढली आहे, आता न्याय सांभाळणारे लोक हिला हातात धरतात. एवढं बोलून तो सोन्याच्या खिळ्यांनी मढवलेली ती काठी जमिनीवर आपटतो आणि खाली बसतो. तिथे त्या काठीला मान आहे तो बोलण्याच्या हक्काचा.

आपल्याकडे कालिदासाने हीच वाट उलट्या दिशेने दाखवली आहे. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात म्हातारा कंचुकी, म्हणजे अंतःपुराची व्यवस्था पाहणारा सेवक, स्वतःशी म्हणतो की, राजाच्या अंतःपुरात रीत म्हणून जी वेताची काठी मी हातात धरली, तीच आता इतक्या काळाने, पाय अडखळू लागल्यावर, माझा आधार झाली आहे. मूळ शब्द ‘वेत्रयष्टि’. वेत म्हणजे वेत्र, आणि त्याच नाटकातल्या प्रतिहारीचं, म्हणजे द्वारपालिकेचं, नाव वेत्रवती, म्हणजे वेत धारण करणारी. हुद्द्याची काठी आणि म्हातारपणाची काठी एकाच श्लोकात, एकाच हातात! मला तरी या विषयावर याहून नेमकं काही सापडलेलं नाही.

विधिमंडळातला राजदंड मात्र दुसऱ्या घराण्यातला. ही पद्धत ब्रिटिश संसदेकडून आली. तिथे त्या वस्तूला ‘मेस’ म्हणतात, आणि मेस म्हणजे सरळसरळ गदा, डोकं फोडायचं शस्त्र. शस्त्राची शोभेची वस्तू होताना एक गंमत झाली. मुठीच्या टोकाला राजचिन्ह असायचं. ते शतकागणिक मोठं होत गेलं, मारायच्या बाजूची पाती आक्रसत गेली आणि शेवटी राजचिन्ह वर यावं म्हणून गदा उलटी धरली जाऊ लागली. आज जे टोक वर दिसतं ती मुळात मूठ आहे. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये ती टेबलावर असल्याशिवाय सभागृहाचं रीतसर कामकाज चालत नाही. म्हणून तर 1653 मध्ये इंग्लंडचा सेनानी क्रॉमवेल याने संसद बरखास्त करताना तिला खेळणं म्हणून हिणवलं आणि उचलून न्यायला लावलं. ‘राजदंड पळवला’ या बातमीतला जोरही इथूनच येतो. शब्दशः भाषांतर ‘गदा’ झालं असतं, पण राजदंड रुळला आहे आणि तो बदलावा असं मला वाटत नाही. फक्त सेप्टर आणि मेस या दोन वेगळ्या वस्तूंना आपण एकच नाव दिलं आहे, एवढं ध्यानात असावं.

28 मे 2023 रोजी लोकसभेत सेंगोल बसवला, त्यालाही मराठी बातम्यांत राजदंडच म्हटलं गेलं. तमिळमध्ये ‘कोल’ म्हणजे काठी आणि ‘सेंगोल’ म्हणजे सरळ, नीट काठी, म्हणून न्यायाचं राज्य. याच्या उलट ‘कोडुंगोल’, म्हणजे वाकडी काठी, म्हणून जुलमी राज्य. तिरुक्कुरळ या जुन्या तमिळ ग्रंथात 55वा आणि 56वा अध्याय या जोडीवरच आहेत. राजदंड म्हटल्यावर त्यातला सरळपणा निसटतो, तेव्हा इथे मूळ शब्दच ठेवलेला बरा.

राहिला चोपदार. हा फारसी ‘चोबदार’. चोब म्हणजे लाकूड, काठी. चोपचिनी या औषधी मुळीच्या नावातही तोच चोब आहे, ‘चीनचं लाकूड’. चोपदार स्वतः राजा नव्हे, त्यामुळे त्याच्या चोपाला राजदंड म्हणू नये. त्याचं काम वर्दी देणं, वाट करणं, शांतता राखणं. भालदार-चोपदार दरबाराबरोबर गेले, पण आषाढी वारीत चोपदार आजही आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामी समाजआरतीला दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळमृदंगाचा गजर चालू असतो आणि चोपदार हातातला चोप वर करतो. हजारो टाळ तिथल्या तिथे थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती एकटीच टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिच्याकडे जातो आणि काय झालं ते ऐकून घेतो.