आत्याची अकरा नाणी: विकू की ठेवू?

पत्र : आत्या गेली त्याला दहा महिने झाले. तिला मूलबाळ नव्हतं, तिने आपली डबी दादाच्या आणि माझ्या नावे केली. डबीत सोन्याची 11 नाणी आहेत : 9 गिन्या, ऑस्ट्रियाचं एक पातळ डुकॅट (त्यावर 1915) आणि दक्षिण आफ्रिकेचं एक मोठं क्रूगररँड. दोन गिन्यांना कडी लावलेली आहे, त्या ती गळ्यात घालायची. दादा म्हणतो, सगळी एकदम विकू आणि पैसे अर्धे-अर्धे करू. माझ्यावर क्रेडिट कार्डाचं थकलेलं कर्ज आहे, पैशांची गरजही आहे. पण विकायचा विचार आला की आपण तिलाच विकतोय असं वाटतं. मोठं नाणं तांबूस दिसतं, ते खोटं असेल का? साध्या गिन्यांपैकी दोन मी टूथपेस्टने घासल्या, छान चमकल्या. बाकीच्याही घासू का? दादाने निर्णय माझ्यावर सोडलाय.

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आधी घासणं थांबवा. टूथपेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असते आणि 22 कॅरेट सोनं मऊ. जी चमक दिसते ती हजारो सूक्ष्म ओरखड्यांची असते, आणि संग्राहक ती भिंगाखाली लगेच ओळखतो. दोन गिन्यांचं सोनं कमी झालेलं नाही, तेव्हा जिवाला लावून घेऊ नका. पण उरलेल्या नऊ नाण्यांना साबण, ब्रश, पॉलिशचं कापड काहीही लावू नका, आणि नाणं कडेनेच धरा.

आता मूळ प्रश्न. ‘विकू की ठेवू’ हा प्रश्न तुम्ही डबीला विचारताय, म्हणून उत्तर सापडत नाही. तो एकेका नाण्याला विचारावा लागतो, आणि त्यासाठी हातात काय आहे ते आधी कळायला हवं.

घरात गिनी म्हणत असले, तरी ही नाणी बहुधा सॉव्हरिन, म्हणजे ब्रिटिश राजवटीतली सोन्याची नाणी असणार. (खरी गिनी हे त्याआधीचं, किंचित जड नाणं.) 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आणा. सॉव्हरिनचं वजन 7.99 ग्रॅम, व्यास 22.05 मिमी, जाडी साधारण 1.5 मिमी. वापरून झिजलेलं नाणं 7.94 ग्रॅमपर्यंत उतरलं तरी हरकत नाही. चलनात राहायला कायद्याने घालून दिलेली किमान मर्यादा जवळपास तेवढीच होती. सॉव्हरिनमध्ये शुद्ध सोनं 7.32 ग्रॅम. कडीवाल्या दोन नाण्यांचं वजन अर्थातच वेगळं भरेल. डुकॅट 3.49 ग्रॅमचं, त्यात 3.44 ग्रॅम शुद्ध. क्रूगररँड 33.93 ग्रॅमचं, त्यात 31.10 ग्रॅम शुद्ध.

ते तांबूस असणं हा दोष नाही. क्रूगररँडमध्ये सोन्याबरोबर फक्त तांबं असतं, चांदी नसते, म्हणून त्याचा रंगच तसा. ‘रंग उतरलाय, सोनं हलकं आहे’ म्हणत कोणी भाव पाडू लागलं, तर तिथून उठा.

तरी खात्री करून घ्यायची असेल तर घरी करता येईल अशी एक पद्धत आहे. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काट्यावर येणारा आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेलं पाणी. सॉव्हरिनला तो सुमारे 0.45 यायला हवा, क्रूगररँडला सुमारे 1.93. पितळेवर मुलामा असेल तर आकडा दुपटीच्या आसपास जातो, टंगस्टन (जवळपास सोन्याइतकाच जड धातू) असेल तर क्रूगररँडला 1.76 च्या जवळ येतो. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा आकडा बिघडवतो, म्हणून दोन-तीनदा मोजा. मग मऊ कापडावर ठेवून नुसतं टिपून घ्या, पुसू नका.

डुकॅटवरच्या 1915 वर भुलू नका. ऑस्ट्रियाच्या टांकसाळीने तेच साल ठेवून ही नाणी पुढेही वर्षानुवर्षं पाडली आहेत. त्याची किंमत सोन्याचीच धरा.

सॉव्हरिनची सालं मात्र भिंगाखाली वाचा. घोड्यावरचा योद्धा असलेल्या बाजूवर, सालाच्या वर, जमिनीच्या पट्टीत टांकसाळीचं एक इवलंसं अक्षर असतं : एस म्हणजे सिडनी, एम मेलबर्न, पी पर्थ. 1918 च्या काही नाण्यांवर आय असतो, ती मुंबईत पाडलेली. अक्षर नसेल तर बहुधा लंडन. हे एवढं अक्षर भाव बदलतं. 1917 चं सिडनीचं नाणं सर्रास मिळतं, त्याच सालचं लंडनचं दुर्मीळ आहे. आणि दुर्मीळ आहे म्हणूनच ते खोटं असण्याची शंकाही जास्त. असं काही सापडलं तर नाण्यांच्या जाणकाराकडून लेखी तपासणी झाल्याशिवाय विकूही नका, हुरळूनही जाऊ नका.

समजा सगळी साधी निघाली. मग हिशोब असा : 9 सॉव्हरिनचं 65.9 ग्रॅम, क्रूगररँडचं 31.1, डुकॅटचं 3.4, एकूण सुमारे 100.4 ग्रॅम शुद्ध सोनं. वाटणी नाण्यांच्या संख्येवर नको, या वजनावर करा. एकाकडे क्रूगररँड, डुकॅट आणि 2 सॉव्हरिन (49.2 ग्रॅम), दुसऱ्याकडे 7 सॉव्हरिन (51.3 ग्रॅम). जास्तीचा वाटा ज्याला मिळेल त्याने दुसऱ्याला सुमारे 1 ग्रॅम सोन्याचे पैसे द्यायचे. दादाला त्याची लगेच विकायची असतील तर विकू दे. दोघांनी एकच निर्णय घेतला पाहिजे असं कुठे आहे?

तुमच्या वाट्याचं म्हणाल, तर कर्जाकडे मी डोळेझाक करू देणार नाही. कार्डाचं व्याज दर महिन्याला चढतं आणि डबीतलं सोनं व्याज देत नाही. भाव वाढेलही, पण त्या आशेवर इतकं महाग कर्ज अंगावर ठेवणं मला पटत नाही. साध्या सॉव्हरिनपैकी कर्ज फिटेल एवढी विका. घासलेल्या दोन आधी द्या, त्यांना वितळ-किमतीपेक्षा जास्त मिळण्याची शक्यता तशीही गेली. आत्याने दागिन्यांऐवजी नाणी जमवली. सुटी मोडता येतात, हाच नाण्यांचा मोठा गुण. एकेक मोडून तुम्ही मोकळ्या झालात तर त्यात तिचा अपमान मला दिसत नाही.

विकताना एका फसगतीकडे नीट लक्ष द्या. शुद्ध वजनाला (7.32) शुद्ध सोन्याचा दर लागतो, किंवा पूर्ण वजनाला (7.99) 22 कॅरेटचा दर. शुद्ध वजन धरून वर 22 कॅरेटचा दर लावला की घट दोनदा कापली जाते आणि बारावा हिस्सा हकनाक जातो. कागदावर मांडलेलं असतं, सफाईने बोललेलं असतं, आणि पटतंही. म्हणून एकाच दिवशी तीन ठिकाणी विचारा, त्यातली निदान दोन नाण्यांचा व्यवहार करणारी असू देत. वितळवणाऱ्याला साल आणि अक्षर यांचं मोल नसतं. त्या तासाच्या बाजारभावाच्या किती टक्के देणार, तपासणीचे पैसे वेगळे कापणार का, रक्कम कधी मिळणार, हे लिहून मागा. 100 ग्रॅमवर एक टक्का म्हणजे अख्खा 1 ग्रॅम. सौदा ठरण्याआधी कसोटीवर घासू देऊ नका, आणि नाणं नजरेआड जाऊ देऊ नका. वारसाहक्काची कागदपत्रं आधी पूर्ण हवीत. कराचंही आधी विचारून घ्या : काही देशांत नफा मूळ खरेदीच्या किमतीपासून मोजतात, काही ठिकाणी वारसा मिळाल्या दिवसाच्या किमतीपासून. त्यामुळे डबीत एखादी जुनी पावती किंवा आत्याच्या हातची चिठ्ठी असेल तर फेकू नका.

जी ठेवाल ती प्रत्येकी वेगळ्या, पीव्हीसी नसलेल्या कडक डबीत ठेवा; मऊ पीव्हीसी पिशवी कालांतराने नाण्यावर हिरवट चिकट थर सोडते. दोन्ही बाजूंचे फोटो, साल, अक्षर, वजन यांची यादी करून एक प्रत दादाला द्या. घराच्या विम्यात नाण्यांसाठी वेगळी, बरीच कमी मर्यादा असू शकते, ते कलम वाचून घ्या.

आणि त्या कडीच्या दोन. डाग दिलेलं (कडी जोडायला झाळलेलं) नाणं संग्राहक सहसा घेत नाही, म्हणून ती दुर्मीळ सालाची असली तरी बाजारात बहुतेक सोन्याच्या भावानेच जातील. सगळ्या डबीत संग्राहकाच्या लेखी सर्वांत कमी मोलाची हीच दोन, आणि आत्याच्या गळ्यात होती तीही हीच. एक तुम्ही ठेवा, एक दादाला द्या, वाटणी त्या हिशोबाने करा. कडी काढून नाणं ‘मूळचं’ करून देतो असं कोणी म्हणालं तर देऊ नका. डाग सोडवायला पुन्हा आच द्यावी लागते, तिने कडेचा पृष्ठभाग खराब होतो, आणि आत्या ज्या कडीत ओवून घालायची ती कडी तेवढी जाते.