वेगळेपणाचे प्रश्न आणि मैत्रीची सुरुवात

प्रिय मुली,

बालवर्ग हाती घेते आहेस, तर 'आपण सगळे सारखेच' हे वाक्य तेवढं टाळ. कुणाचा रंग वेगळा आहे, कुणी अडखळत बोलतं, हे तीन वर्षांच्या मुलालाही दिसतं. आपण ते नाकारलं की याविषयी बोलायचं नसतं, एवढंच ते शिकतं.

एखाद्याने भर वर्गात विचारलं, "हिच्या कानात काय आहे?" तर त्याला गप्प करू नकोस. नेहमीच्या आवाजात, तिच्यासमोरच सांग, "ते श्रवणयंत्र आहे. त्याने आवाज मोठा होतो. तिच्याशी समोर येऊन बोल, म्हणजे तिला तुझे ओठही दिसतील." यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं, कारण आता काय करायचं ते विचारणाऱ्याला कळतं. 'बिचारी' नको आणि 'किती शूर' हेही नको. काय सांगितलेलं चालेल, हे तिला आणि तिच्या आईवडिलांना आधीच विचारून ठेव.

"जा, त्याच्याशी मैत्री कर" असं सांगून मैत्री होत नाही. दोन-तीन वर्षांची मुलं शेजारी बसून आपापलं खेळतात. अमेरिकी संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळाचे जे प्रकार मांडले, त्यात हा समांतर खेळही आहे. त्याला एकलकोंडेपणा समजू नकोस.

पुढे मुलं गटाने खेळू लागली की बाहेर राहिलेलं मूल येऊन विचारतं, "मला घेता का?" आणि 'नाही' ऐकून रडतं. प्रश्नच असा आहे की 'नाही' म्हणणं सोपं जातं. त्याला दुसरी वाट शिकव: आधी जवळ उभं राहून खेळ काय चाललाय ते बघायचं, मग शेजारी तेच करायला लागायचं, आणि मग खेळात बसेल असं काही बोलायचं: "दुकान आहे ना? मी पिशव्या आणतो." पहिले काही दिवस तूही त्याच्याबरोबर जमिनीवर बस.

जोड्या तूच लाव. मुलांना निवडायला सांगितलंस, तर शेवटी उरणारं मूल रोज तेच असेल. तिघांचा गटही शक्यतो नको. दोघांचं जमतं आणि तिसरं बाजूला पडतं. काम असं दे, की एकट्याने होणारच नाही. चादरीची दोन-दोन टोकं दोघांनी धरायची आणि मधला चेंडू न पाडता टोपलीपर्यंत न्यायचा. दहा मिनिटं पुरेत. जोडी मात्र दोन आठवडे तीच ठेव, एका दिवसात ओळख होत नाही.

नेमकं इथेच बिघडतं. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला सगळे 'मदत' करतात आणि तो कायम घेणाराच राहतो. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली, माणसं जवळ आल्याने पूर्वग्रह कधी कमी होतात हे मांडताना, समान दर्जा ही एक अट सांगितली होती. ती लहानांनाही लागू आहे. दिशा सांगणं, फेऱ्या मोजणं त्याच्याकडे दे. खुर्ची ढकलण्याआधी त्याला विचारायचं, हा नियम सर्वांना.

नकाराचंही स्पष्ट बोल. मिठी नको, आत्ता एकटंच खेळायचंय, हे चालेल. "तू काळी आहेस, म्हणून नको" हे चालणार नाही. तिथे खेळ थांबव, वाक्य चुकीचं आहे हे दोन शब्दांत सांग, आणि आधी जिला ते ऐकावं लागलं तिच्याजवळ जा. बळजबरीने 'सॉरी' म्हणायला लावू नकोस. पुन्हा खेळ सुरू होईल तेव्हा तिला काय हवंय, ते तिलाच विचार.

तुझी,
ताई