मेंदूतली चिप मनातलं सगळं वाचते का?

प्रश्न: माझ्या काकांना एएलएस आहे, बोलणं जवळजवळ गेलंय, काय म्हणतायत ते फक्त काकूलाच कळतं. परवा फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ आला की अमेरिकेत मेंदूत चिप बसवतात, एआय मनातलं वाचतं आणि माणूस बोलतो. खरंय का नेहमीचं फॉरवर्ड? आणि मग मनातलं सगळंच बाहेर येणार का? हे काकांनीच खुणा करून विचारलंय, ते जरा घाबरलेत. (एक वाचक, सांगली)

उत्तर: गोष्ट खरी आहे, पण "मनातलं वाचतं" हा वरचा मसाला. मशीन पकडतं तो बोलायचा प्रयत्न. एएलएसमधे स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या पेशी मरत जातात, पण ओठ, जीभ, जबडा हलवायचा हुकूम मेंदू सोडतच असतो, तो खाली पोचत नाही एवढंच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधे २०२३ साली ४५ वर्षांच्या एका पेशंटच्या मेंदूत २५६ बारीक इलेक्ट्रोड, म्हणजे मेंदूतले विजेचे संकेत टिपणारी टोकं, बसवून तो हुकूम वरच्या वरच पकडला. एआय आधी कुठला उच्चार असेल ते ओळखतं, मग आपल्या मोबाइलचा कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो ना, तसं उच्चार जुळवून वाक्य लावतं. पहिल्या दिवशी फक्त ५० शब्द होते, नंतर सव्वा लाख शब्दांत ९७ टक्के बरोबर यायला लागले. त्याच्या आधी अमेरिकेतल्याच स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रयोगात एवढ्याच शब्दांत जवळपास दर चौथा शब्द चुकत होता, म्हणजे उडी केवढी बघा!

आता काकांची भीती. ती अगदीच खोटी नाही हो. स्टॅनफर्डनेच २०२५ मधे मनातल्या मनात उच्चारलेली वाक्यं ओळखून बघितली, जास्तीत जास्त ७४ टक्के जमली, आणि स्क्रीनवरचे गोल मोजायला सांगितले तर पेशंट मनात मोजत होते ते आकडेही थोडेफार सापडले. म्हणून त्यांनी मनातला पासवर्ड ठेवून बघितला, तो मनात म्हटल्याशिवाय मशीन गप्प. पण हे सगळं कवटी उघडून इलेक्ट्रोड बसवलेल्या माणसाचं, तेही त्याने तासन्‌तास बसून मशीनला शिकवल्यावर. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या डोक्यात कोणी डोकावत नाहीये, हे काकांना नक्की सांगा.

हे अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे आणि वर सांगितलेले प्रयोग इंग्रजीत झालेत. आपला ळ, चमच्यातला च वेगळा आणि चहातला वेगळा, हे सगळं त्याला कोणीतरी शिकवावं लागेल. तोवर नजरेने अक्षरं निवडायचं सॉफ्टवेअर मिळतं, त्याला ऑपरेशन लागत नाही, न्यूरॉलॉजिस्टना विचारा.

आणि एक काम आजच करा. डेव्हिसच्या पेशंटचा कॉम्प्युटर त्याच्याच आवाजात बोलतो, कारण आजारापूर्वीची रेकॉर्डिंग होती. काकांचे जुने व्हॉइस मेसेज, लग्नाचे व्हिडिओ, कोणाच्या तरी जुन्या फोनमधे असतीलच, ते शोधून दोन ठिकाणी सेव्ह करा, ग्रुप क्लीन करायच्या नादात कोणी उडवायच्या आत.