छत नऊ फुटांचं, विमा दहा पगारांचा

प्रश्न: वय ४१. घरात मी एकटाच कमावतो. पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुलं. नव्या घराला गॅरेज आहे, छत नऊ फूट. तिथे गाडी उचलणारी टू-पोस्ट (दोन खांबांची) लिफ्ट बसवायची आहे. रविवारी सकाळी गाडी वर, मी खाली, हातात पान्हा आणि तोंडात सिगारेट, हे माझं जुनं स्वप्न! लिफ्टला तीन महिन्यांचा पगार लागेल. सर्व्हिसिंगचे पैसे वाचतील, मित्रांच्या गाड्याही करून देईन, म्हणजे चार-पाच वर्षांत वसूल. एफडी मोडू की गृहकर्जावर ९ टक्क्यांनी टॉप-अप (वाढीव कर्ज) घेऊ? विम्याची काळजी नाही, मोठी बचत पॉलिसी आहे. मुदत संपली की तिच्यातूनच कर्ज फिटेल.

उत्तर: एफडी मोडू नका, टॉप-अपही घेऊ नका. तुम्ही विचारलेल्याचं उत्तर एवढंच. सहा पगारांची ती एफडी हा तुमच्याकडचा अडीअडचणीचा एकमेव पैसा आहे. (तुम्ही पाठवलेले सगळे आकडे मी पगारांतच मोजतो. ‘एक पगार’ म्हणजे तुमच्या एका महिन्याची कमाई.)

लिफ्टचं आधी उरकून घेऊ. नऊ फूट म्हणजे पावणेतीन मीटर. गाडी दीड मीटर उंच. उरलं सव्वा मीटर. एवढ्या जागेत माणूस उकिडवा बसतो, उभा राहत नाही. गाडीखाली ताठ उभं राहायचं तर अकरा-बारा फूट हवेत. ज्याने तुम्हाला लिफ्टचा भाव दिला, त्याने टेप काढून छत मोजलं नाही, यावरून काय ते समजा. टू-पोस्टमध्ये गाडीचा सगळा भार दोन खांबांवर आणि त्यांना जमिनीत धरून ठेवणाऱ्या अँकर बोल्टवर येतो. त्यासाठी निदान १०० मिलिमीटर जाडीचा चांगला काँक्रीटचा कोबा लागतो, आणि नवा ओतला तर बोल्ट मारण्याआधी साधारण २८ दिवस थांबावं लागतं. तुमच्या फरशीखाली काय आहे, ते भोक पाडल्याशिवाय कळणार नाही. तेव्हा कोबा, छत उचलणं, मोटरसाठी वेगळी वायर आणि ब्रेकर, कॉम्प्रेसर, हत्यारं हे सगळं धरा. तीन पगारांचे सात होतात. सात पगार ९ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले तर फेडताना साडेदहा जातात.

आणि वाचणार किती? तुमची सर्व्हिसिंगची बिलं पाहिली. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड तुम्हाला विकत घ्यावेच लागणार. वाचते ती फक्त मजुरी, वर्षाला पगाराचा पाचवा हिस्सा. सात भागिले एक पंचमांश, पस्तीस वर्षं. व्याज न धरता. तेव्हा तुम्ही शहात्तर वर्षांचे असाल. मित्रांकडून पैसे घेतलेत की तो धंदा झाला. घराचा विमा धंद्यातलं नुकसान बहुधा भरून देत नाही, आणि मित्राची गाडी लिफ्टवरून घसरली तर गाडीही जाते आणि मित्रही.

आता ज्याची तुम्हाला काळजी नाही, त्याबद्दल.

तुमची ‘मोठी’ पॉलिसी अशी आहे: वर्षाला एक पगार हप्ता, पंधरा वर्षं, शेवटी साधारण २१ पगार हातात. एजंटने ‘पंधराचे एकवीस, चाळीस टक्के फायदा’ असं सांगितलं असणार. हे चाळीस टक्के पंधरा वर्षांचे आहेत हो! हप्ते दरवर्षी जातात हे धरून हिशेब केला तर परतावा वर्षाला जेमतेम ४ टक्के पडतो. चार टक्क्यांनी साठवायचं आणि नऊ टक्क्यांनी उसनं घ्यायचं, ही तुमची कर्जफेडीची योजना.

तरी परताव्याचं दुखणं सोसता येईल. तुम्ही पाठवलेल्या कागदाच्या दुसऱ्या पानावर, बोनसच्या रंगीत तक्त्याखाली, बारीक अक्षरात मृत्यूनंतर मिळणारी रक्कम आहे: दहा पगार. गृहकर्ज बाकी आहे चाळीस पगार. तुम्ही उद्या नसाल तर दहा येतील, चाळीस मागितले जातील, आणि कमावणारं घरात कुणी नाही. त्यात तुम्ही आणखी सात घालायला निघालात, तेही दीड टन लोखंडाखाली बसता यावं म्हणून.

गरज किती, ते बघा. घरखर्च निम्मा पगार, म्हणजे वर्षाला सहा. पंधरा वर्षांचे नव्वद. कर्ज चाळीस. मुलांच्या शिक्षणाला तीस. झाले एकशे साठ. तुमच्याकडे आहेत दहा. उरलेल्या दीडशेचा साधा टर्म विमा घ्या. काही न होता मुदत संपली तर त्यातून एक पैसाही परत येत नाही, म्हणूनच तो स्वस्त असतो. तब्येत ठीक असेल तर हप्ता आताच्या पॉलिसीपेक्षा बराच कमी यायला हवा. एजंट ‘पैसे परत मिळणारा टर्म’ पुढे करेल. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. जोडीला अपघाती अपंगत्वाचं कव्हर घ्या. हात जायबंदी झाला तर पगार थांबतो, हप्ते थांबत नाहीत.

जुनी पॉलिसी रागाच्या भरात बंद करू नका. सहा हप्ते गेले ते गेले. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सोडली तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप केली (म्हणजे कमी रकमेवर तशीच चालू ठेवली) तर मुदतीअखेर किती. मग उरलेल्या नऊ हप्त्यांवर पुढे काय मिळतं, तेवढंच तोला. कधीकधी इतक्या उशिरा चालू ठेवणंच बरं ठरतं. काहीही ठरलं तरी नवा टर्म विमा मंजूर होऊन कागद हातात येईपर्यंत जुन्याला हात लावू नका.

लिफ्टला माझा विरोध नाही. छंद आहे, छंदासारखा पैसा बाजूला काढा, वसुलीची भाषा सोडा. नऊ फुटांत मीटरभर उचलणारी, गाडीखाली कात्रीसारखी उघडणारी सिझर लिफ्ट बसते. गिअरबॉक्सच्या कामात तिचा सांगाडा मध्ये येतो, पण चाकं, ब्रेक, ऑइल स्टुलावर बसून मजेत होतं. टर्म विमा झाला की महिन्याला पगाराचा दहावा हिस्सा साठवा, अडीच वर्षांत तीन पगार जमतील. कोबा मात्र तिच्यासाठीही तपासून घ्या, आणि गाडी लिफ्टच्या यांत्रिक लॉकवर टेकवल्याशिवाय खाली हात घालू नका.

ती सिगारेट राहिली. विम्याच्या अर्जात धूम्रपानाचा रकाना असतो. हप्ता वाढेल, वाढू दे. तिथे ‘हो’ लिहा, ‘फक्त रविवारी’ असलं तरी.