‘आळशी’ हे निदान नाही

तुझं पत्र परवा आलं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याशी अडखळले. ‘नऊ-नऊ तास झोपूनही दुपारी डोळे मिटतात, म्हणजे मी मुळात आळशीच असणार.’ अरे, हे निदान कुणी केलं? कोणत्या तपासणीवरून? आळशी माणसाला काम करावंसंच वाटत नाही. तुला करावंसं वाटतं, तू कामाला बसतोस आणि अंगात त्राण उरत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तपासल्याशिवाय स्वतःला आळशी म्हणायचं नाही. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळलास तरी चालेल.

अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून, तू लिहितोस की खोलीतला मित्र तुझ्या घोरण्यामुळे दुसरीकडे झोपायला गेला. एकदा तर तुझा श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटला म्हणून त्याने तुला हलवून जागं केलं. पत्राची सुरुवातच इथून व्हायला हवी होती! झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत ते इतके सैल पडतात की हवेची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू घाबरून क्षणभर जाग आणतो. श्वास सुरू होतो, पुन्हा झोप लागते. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. श्वास किमान १० सेकंद अडला तर ती घटना मोजतात. तासाला ५ पासून आजार धरतात, ३० आणि त्यापुढे तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. तू नऊ तास अंथरुणात होतास एवढंच तुला माहीत आहे. त्या नऊ तासांचे किती तुकडे झाले, ते तुला ठाऊकच नाही.

सकाळी डोकं जड असतं का? तोंड कोरडं पडतं का? हे लाजून लपवायचं नाही. आणि ‘मी तर बारीक आहे’ असंही म्हणू नकोस. वजनाने धोका वाढतो हे खरं, पण जबड्याच्या ठेवणीमुळे किंवा मोठ्या टॉन्सिल्समुळे बारीक माणसालाही हे होतं. झोपेची तपासणी केली की उलगडा होतो. काहींना ती घरच्या घरीही करता येते. उपचारही आहेत. मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी मांडलं, तेव्हापासून किती लोक नीट झोपू लागले! तोवर डोळे जड असताना गाडी चालवायची नाही. यावर मला वाद नको.

माझ्या थकव्याचं कारण घशात नव्हतं, रक्तात होतं. माझं हिमोग्लोबिन १२.३ होतं आणि बायकांसाठीची रेषा १२ ची. मी रेषेच्या वर, म्हणून सगळं ठीक. ज्यांना दाखवलं त्यांनी ताण कमी करायला सांगितलं. अशी सहा वर्षं गेली. वाचायला बसले की तिसऱ्या पानावर अक्षरं विरघळायची. प्रबंध अर्धा राहिला. लोक म्हणाले, जिद्द कमी पडली. मीही तेच मानलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. मग एका डॉक्टरांनी पाळीबद्दल नीट विचारलं आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाचा साठा, तपासायला सांगितलं. ते ६ निघालं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांमध्ये १५ च्या खालचं फेरिटिन म्हणजे लोहाची कमतरता धरते. आज चूल पेटली म्हणून कोठी भरलेली असतेच असं नाही ना? हिमोग्लोबिन चूल दाखवतं, फेरिटिन कोठी. माझी कोठी रिकामी होती आणि मी स्वतःला कामचुकार म्हणत होते.

गोळ्या सुरू झाल्या. दोन-तीन महिन्यांत पायऱ्या चढताना थांबावं लागेना. प्रबंध मात्र परत हाती घेता आला नाही, तोवर वेळ निघून गेली होती. मी तो घाबरून सोडला नाही. माझ्यात ताकदच उरली नव्हती. तुझ्या पत्रात हे लिहायची गरज नव्हती, पण मला कधीतरी कुणाला तरी सांगायचंच होतं.

आणि याहून जास्त सलतं ते वेगळंच. त्याच काळात धाकट्या बहिणीला मी ‘सारखी लोळत पडू नकोस’ म्हणत होते. तिला थंडी सोसायची नाही, वजन वाढत होतं, केस गळत होते. पुढे थायरॉइड मंदावल्याचं कळलं. जो शब्द मला टोचत होता, तोच मी तिच्यावर फेकला होता. म्हणून तुझ्या पत्रात तो वाचला की मला राग येतो.

तर रक्त तपासून घे. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी१२ जीवनसत्त्व, साखर. डॉक्टरांना बाकी काही गरजेचं वाटलं तर तेही. तपासणीआधी मनानेच गोळ्या सुरू करू नकोस. बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. सर्दीसाठी रोज रात्री जी गोळी घेतोस, तिचं नाव डॉक्टरांना सांग. अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांची गुंगी दुसऱ्या दिवसापर्यंत उतरत नाही. संध्याकाळी सातची कॉफीही थांबव. बहुतेकांच्या शरीरातून निम्मं कॅफीन जायलाच पाच तासांच्या आसपास लागतात.

मनाचा विषय काढला की तू चिडतोस, तरी काढते. नैराश्यात झोप उडते तशी ती वाढतेही, आणि अंग शिशासारखं जड होतं. तसं निघालं तर तोही आजारच, त्यालाही उपचार आहेत. तिथेही तो शब्द चालणार नाही.

सगळे आकडे चांगले आले आणि तरी सहा महिन्यांहून जास्त असंच चाललं, थोड्या श्रमानंतर दुसऱ्या दिवशी पार कोलमडायला झालं, तर एमई/सीएफएस या दीर्घकाळच्या थकव्याच्या आजाराबद्दल डॉक्टरांना विचार. त्यात रेटून काम केल्याने माणूस आणखी खालावतो. ‘इच्छाशक्ती वाढव’ म्हणणाऱ्यांचं तेव्हा मुळीच ऐकू नकोस. वजन आपोआप उतरत असेल, ताप रेंगाळत असेल, रात्री घामाने कपडे भिजत असतील किंवा चालताना धाप लागत असेल, तर माझ्या उत्तराची वाटही पाहू नकोस, तडक डॉक्टरांकडे जा.

मित्राला एक रात्र परत बोलाव आणि तुझं घोरणं फोनवर रेकॉर्ड करून घे. ते डॉक्टरांना ऐकव. रिपोर्ट आला की त्याची प्रत मागून घे आणि मला आकडे कळव. ‘सगळं नॉर्मल आहे’ एवढंच लिहून पाठवलंस तर मी पुन्हा विचारीन.