सिस्टर सिटीचं काम: ही नोकरी असते कुठे?

पत्र: माझी मुलगी पुण्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जपानी शिकते, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ पातळी झाली आहे. मध्यंतरी जपानहून विद्यार्थ्यांचा एक गट आला होता. त्यांच्याबरोबर चार दिवस ती दुभाषी म्हणून फिरली. तेव्हापासून एकच धोशा आहे: शहराशहरांमधले ‘सिस्टर सिटी’ कार्यक्रम आणि सांस्कृतिक देवाणघेवाण चालवायचं काम करायचं. तिचे बाबा म्हणतात, अशी नोकरीच नसते, एमपीएससीची तयारी कर. रोज जेवताना वाद होतो. अशी नोकरी खरंच असते का? पगार कोण देतं? आणखी एक, त्या गटातल्या दोन मुली सध्या पुण्यातच शिकायला थांबल्या आहेत. दिवाळीत आमच्याकडे राहायला येऊ का, असं विचारताहेत. काय करू?
– एक आई, सातारा

ताई, नमस्कार.

तिच्या बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. आपल्याकडच्या महापालिकेत किंवा नगरपालिकेत ‘सिस्टर सिटी अधिकारी’ म्हणून भरती निघत नाही. पण काम आहे, आणि ते पूर्णवेळ करून त्यावर जगणारी माणसंही जगात आहेत. त्यांच्यापर्यंत पोचायचा रस्ता सरळ नाही, एवढंच. तो सांगायच्या आधी हे काम म्हणजे काय ते सांगते. सिस्टर सिटी, म्हणजे भगिनी शहरं: दोन देशांतल्या दोन शहरांनी करार करून जोडलेलं मैत्रीचं नातं. चार दिवस पाहुण्यांबरोबर हिंडून त्याची चव कळते, पण काम दिसत नाही.

तुमच्या मुलीला एका रविवारी सकाळी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जायला सांगा. गेली असेल, तरी पुन्हा. या बागेचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ओकायामा हे जपानमधलं शहर. तिथं कोराकुएन नावाची बाग आहे, 1700 साली पूर्ण झालेली, जपानच्या तीन सर्वांत नावाजलेल्या बागांपैकी एक. पुण्यातली बाग तिच्या धर्तीवर केलेली आहे. आता गंमत बघा. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात, केली पार्कमध्ये, 1965 पासून अशीच एक जपानी मैत्री बाग आहे आणि तीही कोराकुएनवरूनच बेतलेली. कारण ओकायामा आणि सॅन होजे 1957 पासून एकमेकांच्या भगिनी आहेत. आणि 1992 पासून सॅन होजेची आणखी एक बहीण आहे, आपलं पुणे. तीन खंडांत नाही, पण तीन देशांत एकाच बागेच्या तीन आवृत्त्या, आणि त्या तीन शहरांना जोडणारे करार.

आता तिने वहीत हे लिहायचं: ही झाडं छाटतं कोण? जपानी पद्धतीची छाटणी त्यांना कोणी शिकवली? ते माळी निवृत्त झाले की पुढच्यांना कोण शिकवणार? ओकायामाहून कोणी बाग बघायला आलं, तर त्यांच्याशी बोलणार कोण, कुठल्या भाषेत? करारावर सही करायला एक सकाळ पुरते. महापौर येतात, शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतात. त्यानंतरची तीस-चाळीस वर्षं ज्यांनी सांभाळायची, त्यांचं काम तुमची मुलगी मागते आहे.

दुसरं उदाहरण तर आपल्या जिव्हाळ्याचं आहे. पुण्याने सॅन होजेला छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा भेट दिला होता. तो तिथल्या ग्वाडालुपे नदीकाठच्या उद्यानात उभा होता. 2023 च्या सुरुवातीला तो चोरीला गेला आणि नंतर भंगाराच्या एका आवारात सापडला. बातमी आपण सगळ्यांनी वाचली, चुकचुकलो. पण या नात्याची जबाबदारी तुमच्यावर असती तर? पोलिसांना हा पुतळा नुसत्या धातूचा तुकडा नाही, हे समजावून सांगायचं. तिथल्या मराठी मंडळींचा संताप ऐकून घ्यायचा. भेट देणाऱ्या शहराला, त्यांना वर्तमानपत्रातून कळायच्या आधी, नीट शब्दांत कळवायचं. भेटीची जुनी कागदपत्रं शोधायची. आणि हे सगळं दोन्हीकडचा मान राखून. अशा वेळी भाषा येणं पुरत नाही. महाराज आपले कोण आहेत हे परक्या माणसाला दोन मिनिटांत, इतिहासाची मोडतोड न करता सांगता आलं पाहिजे.

हे सगळं मुळात सुरू झालं ते युद्धातून, हेही तिला माहीत हवं. इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री जर्मन बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झालं होतं. त्याने 1944 साली रशियातल्या स्टालिनग्राडशी नातं जोडलं, आणि पुढे जर्मनीतल्या ड्रेस्डेनशीही, म्हणजे जे शहर ब्रिटिश-अमेरिकी बॉम्बनी जळलं त्याच्याशी. 1955 साली नागासाकीने अमेरिकेतल्या सेंट पॉलशी. अणुबॉम्बला दहा वर्षं झाली होती फक्त. मग 1956 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नागरिकांनी नागरिकांशी थेट संबंध जोडावेत अशी मोहीम सुरू केली. आजची सिस्टर सिटीज इंटरनॅशनल ही संस्था त्यातलीच. ज्यांनी एकमेकांची शहरं जाळली, त्यांनी एकमेकांची मुलं घरी ठेवून घेतली. मला या कामाचं मोल वाटतं ते यासाठी.

आणि ही नाती तुटतातही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने ज्या स्त्रियांना लैंगिक गुलामीत ढकललं त्यांचं स्मारक उभं राहिलं, आणि 2018 मध्ये ओसाकाने साठ वर्षांचं भगिनीनातं संपवलं. प्राग आणि बीजिंगचा करार 2019 मध्ये तैवानच्या प्रश्नावरून मोडला. तेव्हा ‘आम्ही फक्त नाच-गाणी आणि खाद्यपदार्थ बघतो, राजकारणाशी आमचा संबंध नाही’ असं या कामात म्हणता येत नाही. तिने बी.ए.ला इतिहास किंवा राज्यशास्त्र घेतलं असेल तर ते सोडू नये.

महाराष्ट्रात अशी नाती पुष्कळ आहेत. मुंबईची योकोहामाशी 1965 पासून, स्टुटगार्टशी 1968 पासून, लॉस एंजेलिसशी 1972 पासून. पुण्याची ब्रेमेनशी जुनी मैत्री आहे. औंधचा ब्रेमेन चौक त्यावरून. 2015 मध्ये औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, आणि चीनमधलं दुनहुआंग यांचा करार झाला. दोन्हीकडे बौद्ध लेणी, दोन्हीकडे भित्तिचित्रं. कागदावर याहून शोभणारी जोडी सापडणार नाही. राज्यपातळीवर महाराष्ट्र आणि जपानचा वाकायामा प्रांत यांचा 2013 मध्ये करार झाला, आणि 2015 मध्ये तिथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसला. यांतली काही नाती जिवंत आहेत, काही फाइलींत झोपली आहेत. मी जे पाहिलं त्यावरून सांगते, जिवंत नात्यांच्या मागे बहुतेक वेळा एखाद-दुसरं चिवट माणूस असतं: निवृत्त प्राध्यापक, भाषाशिक्षिका, परदेशात स्थायिक झालेला एखादा इंजिनिअर. ते थकले की नातंही थकतं. मी स्वतः काही वर्षं एका विद्यार्थी-देवाणघेवाण समितीत होते. एकदा परदेशी गट येऊन दाखल झाला आणि ज्या कार्यालयाने बोलावलं होतं तिथल्या अधिकाऱ्यांची बदली झालेली. नव्यांना फाइलच सापडेना. सोळा मुलांची राहायची सोय आम्ही संध्याकाळी पाच ते आठ या वेळात ओळखीपाळखीच्या घरी केली. मला त्या दिवसाची अजूनही लाज वाटते, कारण ती मुलं निमूटपणे बॅगांवर बसून होती आणि आम्ही त्यांचे यजमान होतो.

आता पगाराचं.

अमेरिकेत हे काम बहुतांशी स्वयंसेवी संस्था करतात. मोठ्या शहरांत एखाद-दोन पगारी माणसं, बाकी सगळे निवृत्त किंवा नोकरी सांभाळून करणारे. जर्मनीत मोठ्या महापालिकांमध्ये आंतरराष्ट्रीय संबंधांसाठी वेगळा कक्ष असतो, पण त्याला उत्तम जर्मन आणि तिथलं शिक्षण लागतं. तुमच्या मुलीसाठी सर्वांत मोकळं दार जपानचं आहे. जपान सरकारचा जेईटी नावाचा कार्यक्रम 1987 पासून चालू आहे. त्यात परदेशी पदवीधरांना जपानमधल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत आणि शाळांत नेमतात. बहुतेक जण इंग्रजी शिकवायला जातात, पण त्यात आंतरराष्ट्रीय संबंध समन्वयक असं एक वेगळं पद आहे, त्याला सीआयआर म्हणतात. हा माणूस जपानी नगरपालिकेच्या कचेरीत बसतो, पत्रव्यवहार बघतो, भाषांतर करतो, भगिनी शहरातून येणारे गट सांभाळतो, शाळांमध्ये जाऊन आपल्या देशाबद्दल बोलतो. करार एक वर्षाचा, जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढणारा. म्हणजे जी नोकरी नसते असं तिचे बाबा म्हणतात, ती हीच. अर्ज जपानी दूतावासामार्फत होतात. त्या वर्षी भारतातून कुठल्या पदासाठी अर्ज घेताहेत, हे दूतावासाच्या संकेतस्थळावर बघायचं. पण या पदाला कामचलाऊ जपानी चालत नाही. एन२ तरी हवी, एन१, म्हणजे सर्वांत वरची पातळी, असेल तर उत्तम.

भारतात पगार देणारी ठिकाणं वेगवेगळ्या पाट्यांखाली आहेत. 1950 साली मौलाना आझादांनी स्थापन केलेली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, आयसीसीआर. तिचं पुण्यातही कार्यालय आहे. विद्यापीठांचे आंतरराष्ट्रीय विभाग. वाणिज्य दूतावासांत स्थानिक उमेदवारांतून भरली जाणारी सांस्कृतिक विभागाची पदं. मॅक्स म्युलर भवनसारख्या संस्था. विद्यार्थी-देवाणघेवाण चालवणाऱ्या संघटना. जागा थोड्या, जाहिराती कमी, ओळख कामातून होते. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

म्हणून माझा सल्ला आहे की पुढची तीन वर्षं तिने जपानीवरच घालवावीत. जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुण्यात केंद्र आहे. एन४ पासून एन२ हा पल्ला मोठा आहे. कांजीच्या, म्हणजे जपानी चित्राक्षरांच्या, पाठांतरात अनेक मुलं एन३ लाच गळतात. रानडे इन्स्टिट्यूट किंवा टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, जिथे जमेल तिथे पुढचं शिक्षण चालू ठेवावं. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं असं की पुण्यात एन२ झालेल्या मुलीला आयटी आणि वाहन उद्योगातल्या कंपन्यांत भाषांतराचं काम मिळतं. तेव्हा सिस्टर सिटीचं जमलं नाही, तरी ती उपाशी राहणार नाही. आंतरराष्ट्रीय संबंध विषयात परदेशात एम.ए. करायचं, कर्ज काढायचं, हे आत्ता डोक्यातून काढून टाका. या कामासाठी त्याची गरज नाही.

भाषेइतकंच दुसरं एक शिकायला हवं, आणि ते शिकायला मुलं नाखूश असतात: कागद आणि हिशेब. परदेशी शहराशी करार करायचा म्हणजे सर्वसाधारण सभेचा ठराव, राज्य शासन, आणि परराष्ट्र मंत्रालयाची परवानगी. परराष्ट्र व्यवहार हा केंद्राचा विषय, शहराला आपल्या मनाने काही करता येत नाही. संस्थेला परदेशातून देणगी घ्यायची तर एफसीआरए कायद्याखाली नोंदणी लागते. ती नसताना प्रेमाने पाठवलेले पैसेही घेता येत नाहीत. सोळा मुलांच्या दौऱ्याचं अंदाजपत्रक, विमा, पालकांची संमतिपत्रं, कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कोण शाकाहारी आहे, याची यादी. हे ज्याला येतं त्याला लोक पुन्हा बोलावतात. उत्तम गाणाऱ्या, उत्तम बोलणाऱ्या मुली मी खूप पाहिल्या. दौरा संपल्यावर आठ दिवसांत हिशेब आणि आभाराची पत्रं पूर्ण करणाऱ्या फार थोड्या. तिने पुण्यातल्या एखाद्या रोटरी क्लबच्या युवक देवाणघेवाण कार्यक्रमात वर्षभर हेच काम मागून घ्यावं, फुकट. तिथे पंधरा ते एकोणीस वयाची मुलं वर्षभर परक्या घरी राहतात, त्यांचं रडणं, घराची आठवण, यजमान कुटुंबाशी उडणारे खटके, सगळं जवळून बघायला मिळतं.

एमपीएससीबद्दल तिच्या बाबांना माझ्याकडून सांगा: परीक्षा वाईट नाही, पण या इच्छेचं ते उत्तर नाही. मुख्याधिकारी झाली तरी तिचा दिवस पाणीपुरवठा, घनकचरा आणि वसुलीत जाईल. ते मोठं काम आहे, पण ते ज्याला करायचं आहे त्यानेच करावं. एन२ नंतर, चोविसाव्या वर्षी, तिला स्वतःला वाटलं तर परीक्षेचं वय गेलेलं नसेल. तोवर जेवणाच्या ताटावर हा विषय नको.

मुलीला एकटीला जपानला पाठवायची भीती तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण मला ती ओळींमधून दिसली. ती रास्त आहे. ती कमी होईल ती माझ्या सांगण्याने नाही, तर कोणाची तरी मुलगी तुमच्या घरी राहून गेल्यावर.

तेव्हा त्या दोघींना दिवाळीला बोलावून घ्या. मात्र परदेशी नागरिक घरी मुक्कामाला आले की चोवीस तासांच्या आत एक फॉर्म (पूर्वी त्याला फॉर्म सी म्हणत) भरून कळवावं लागतं. तो ऑनलाइन भरता येतो, अडलं तर जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात विचारा. हा फॉर्म तुमच्या मुलीलाच भरू द्या. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, येण्याजाण्याच्या तारखा, सगळं तिने मागवायचं. त्या काय खातात, काय खात नाहीत, हे आधी विचारून तिने तुम्हाला लिहून द्यायचं. अभ्यंगस्नान म्हणजे काय आणि पहाटे चारला का उठायचं, हेही तिनेच त्यांना जपानीत समजावायचं, तुम्ही मध्ये पडू नका. चकली मात्र तुम्ही करा, आणि त्यांना सोऱ्या फिरवायला द्या.