निवृत्तीनंतरचे आईचे मुक्त जगणे आम्हा नवरा-बायकोला झेपत नाही, तिला कसे समजवावे?

वडील गेल्यानंतर आई पार्ल्याच्या घरी नाटकवाल्यांच्या बैठका भरवते, तिचा एक चित्रकार मित्र आठवडा-आठवडा मुक्कामाला असतो आणि पहाटे उठून पूजाअर्चा करणाऱ्या तुम्हा दोघांना सोसायटीत मान वर करून चालणे अवघड झाले आहे, असे आपण लिहिले आहे. घर कोणाच्या नावावर आहे, हे मात्र लिहिलेले नाही. ते आईचे असेल, तर तिथे कोणी राहावे हे तीच ठरवणार. दोन सज्ञान माणसांनी लग्नावाचून एकत्र राहणे हा गुन्हा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये अभिनेत्री खुशबू यांच्या प्रकरणात स्पष्ट केलेले आहे.

माझे बाबा बँकेत कारकून होते आणि संध्याकाळी नेपथ्य करीत. 1974 मध्ये 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके सुरू केली, तेव्हापासून बँक सुटली की ते थेट तिथे जात आणि त्याच त्या फळ्या पुन्हा रंगवून नवे घर, नवी गल्ली उभी करीत. त्यातून पैसा मिळत नसे. आमच्या फिया पगारातून वेळेवर भरल्या जात. आई गेल्यावर काही वर्षांनी त्यांची एक शिल्पकार मैत्रीण गिरगावच्या आमच्या घरी राहू लागली आणि त्याच घरात राहणाऱ्या माझ्या भावाला एकाएकी घराण्याची अब्रू आठवली.

वहिनीच्या डोहाळजेवणासाठी बाबांनी आणि त्या मावशींनी रात्रभर जागून प्लायवूडची चंद्रकोर कापली, मागे निळे आकाश रंगवले, झोपाळ्याला जुईचे गजरे बांधले. सकाळी बाबांच्या नखांत तो निळा रंग तसाच होता. व्याही मंडळी येण्याआधी भावाने त्या दोघांना आतल्या खोलीत बसायला सांगितले आणि पाहुणे जाईपर्यंत ती दोघे तिथेच बसून राहिली, बाहेर त्याच चंद्रकोरीपुढे सगळ्यांचे फोटो निघत असताना! सासरच्यांपुढे शोभा झाली असती, असे भाऊ आजही म्हणतो. वहिनीच्या आईने मात्र "तुमचे बाबा दिसत नाहीत?" असे मला दोनदा विचारले होते. लाज त्याची एकट्याची होती आणि ती त्याने बाबांच्या माथी मारली.

तुमच्या घरात तान्हे मूल असेल आणि बैठकीत सिगारेटी ओढल्या जात असतील, तर ते आईला अवश्य सांगा. रात्री दहानंतर पेटी-तबला बंद ठेवा, हेही सांगता येईल. आई कोणाच्या सांगण्यावरून कोऱ्या कागदांवर सह्या करीत असेल, तर तो विषय निराळा आणि गंभीर आहे. तिथे गप्प बसू नका. मात्र तिने कोणाशी मैत्री ठेवावी, हा तुमचा विषय नाही. एवढे करूनही जमत नसेल, तर बोरिवलीच्या पुढे भाड्याने जागा पाहा. मी भावालाही तेच सांगितले होते. त्याची अपेक्षा मात्र बाबांनीच स्वतःचे घर सोडून जावे अशी होती.